भिंतीवरच्या कॅलेंडरवाल्यांना खुलं पत्र: चौकोनात कारण पण छापा की

महाराष्ट्रातल्या समस्त भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या संपादक मंडळींस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या कॅलेंडरात सगळं असतं. संकष्टीचा चंद्रोदय असतो आणि तोही गावागणिक वेगवेगळा, भद्रा असते, पंचक असतं, पारशी महिना असतो, मुसलमानी महिना असतो, पान उलटलं की पाककृती आणि राशिभविष्य. त्यात आमच्यासारखी माणसं वर आणखी दुधाचा हिशोब लिहितात, गॅस कधी लावला ते लिहितात, बाईंचे खाडे लिहितात, आणि हे सगळं त्या एवढ्याशा चौकोनात मावतं. मावत नाही ती एकच गोष्ट, हा दिवस आला कुठून? नाव छापता, कारण नाही छापत. आणि आता तर 'जागतिक अमुक दिवस', 'तमुक डे' पण हळूहळू चौकोनांत शिरायला लागलेत, त्यांचंही तेच, नुसतं नाव. मग लोक पण नुसतं हॅपी हे हॅपी ते करून मोकळे, कशाबद्दल हॅपी ते देवाला ठाऊक.

तर मागणी अशी आहे की पुढच्या वर्षीपासून थोडे विचित्र, कुणाला फारसे माहीत नसलेले दिवस छापाच, पण प्रत्येकाखाली एक ओळ कारणाची टाका. कुणी सुरू केला, कधी, आणि का. बस.

उदाहरण तुमच्याच जानेवारीच्या पानावरचं घ्या ना. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बारीक अक्षरात 'करिदिन' छापता. म्हणजे किंक्रांत. देवीने किंकरासुराला मारलं तो दिवस, आणि त्या दिवशी नवीन काही सुरू करायचं नाही, शुभकार्य काढायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही, कुठे कुठे तर भोगीची राखून ठेवलेली भाकरी खायची. थोडक्यात काय तर काही करायचं नाही असा दिवस. आता मजा बघा, तिकडे अमेरिकेत हॅरल्ड पुलमन कॉफिन नावाचा एक वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस होता, त्याला या सतराशे साठ दिवसांचा आणि सप्ताहांचा वैताग आला आणि त्याने म्हटलं एक दिवस असा हवा की ज्या दिवशी कुणाचा सन्मान नाही, कशाचा उत्सव नाही, लोकांनी नुसतं बसावं. १९७३ पासून तो दिवस चालू आहे, नथिंग डे, आणि तारीख कोणती तर १६ जानेवारी. ज्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला येते, जशी २०२४ ला आली होती, त्या वर्षी आपली किंक्रांत आणि त्यांचा काहीच-नाही-दिवस एकाच चौकोनात येतात. एका बाजूला असुर मेला म्हणून काही करायचं नाही आणि दुसऱ्या बाजूला माणूस कंटाळला म्हणून काही करायचं नाही. हे छापायला किती जागा लागते सांगा? दोन ओळी.

आणि या दिवसांची यादी करणं हा काही फालतू उद्योग आहे असं तुम्ही तरी म्हणू नका, कारण हे काम तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने आधी केलंय. मिशिगनमधल्या फ्लिंट गावात बिल चेस म्हणून एक जण होते, वर्तमानपत्राच्या लायब्ररीत काम करायचे, कुठल्या दिवशी काय आहे हे एका जागी कुठेच मिळत नाही म्हणून वैतागून त्यांनी आणि त्यांच्या भावाने १९५७ साली स्वतःच वार्षिक यादी काढली. ती आजही निघते आणि रेडिओवाले, पेपरवाले तिच्यावर दिवस काढतात. या यादीत शिरायचं असेल तर अर्ज करावा लागतो आणि त्याचाच फायदा घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या टॉमस रॉय आणि रूथ रॉय या नवरा-बायकोने ऐंशीच्या आसपास दिवस स्वतः बनवून त्यात घुसवलेत! त्यातला माझा आवडता म्हणजे २० फेब्रुवारीचा हूडी-हू डे. दुपारी बाराला घराबाहेर यायचं, दोन्ही हात वर करून हलवायचे आणि 'हूडी-हू' असं जोरात ओरडायचं, म्हणजे थंडी घाबरून पळून जाते. संपला सण.

हसू नका, नागपूरकर तर अजिबातच हसू नका, कारण तुमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर येऊन तेच करतं, फक्त थंडीच्या जागी रोगराई. मारबत म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा मोठा पुतळा, काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात 'ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!' काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली त्याचा राग, असं सांगतात. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा संताप आलाय त्याचे पुतळे, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी, आणि शेवटी सगळं जाळून टाकायचं. रॉय दांपत्याच्या हूडी-हूपेक्षा हे शंभर पटीने भारी आहे, मागे इतिहास आहे, पुढे ताजं राजकारण आहे. पण पुण्या-मुंबईच्या किती घरांत कॅलेंडर बघून मारबत कळते? तुम्ही पोळा ठळक छापता, त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात फार तर तान्हा पोळा.

आता मार्च. १४ मार्चला शाळांमधून हल्ली पाय डे (गणितातला पाय, π) करायला लागलेत, पोरांना गोल काहीतरी डब्यात आणायला सांगतात आणि आयांची सकाळी सकाळी धावपळ. का, ते पोरालाही माहीत नसतं. गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची आहे. तिथे एक्स्प्लोरेटोरियम नावाचं विज्ञान संग्रहालय आहे (अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा धाकटा भाऊ फ्रँक, त्याने सुरू केलेलं), तिथल्या लॅरी शॉ नावाच्या फिजिक्सवाल्याच्या डोक्यात १९८८ साली आलं की अमेरिकन लोक आधी महिना लिहितात मग तारीख, म्हणजे १४ मार्च होतो ३/१४, आणि पाय म्हणजे ३.१४, तर त्या दिवशी सगळ्या स्टाफने गोल गोल फेऱ्या मारायच्या आणि फळं भरून भाजलेला पाय नावाचा गोड पदार्थ खायचा. झालं. पुढे २००९ मध्ये अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहाने ठराव केला, २०१९ मध्ये युनेस्कोने तोच दिवस गणिताचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून घेतला, आणि मधल्या मध्ये शॉच्या मुलीच्या लक्षात आलं की अरे हा तर आइन्स्टाइनचा पण वाढदिवस.

पण मंडळी, आपण महिना आधी लिहितो का? आपण लिहितो १४/३. त्यात पाय कुठून येणार? आपल्याला शाळेत पाय शिकवला तो बावीस छेद सात, आणि २२/७ म्हणजे सरळ २२ जुलै, आणि हा दिवस पण जगात काही गणितवेडे पाळतात. वर गंमत अशी की ३.१४ हे खऱ्या पायपेक्षा जितकं कमी पडतं त्यापेक्षा २२/७ हे थोडं कमी चुकतं, म्हणजे आपला दिवस जास्त अचूक आहे, हवं तर मांडून बघा. आणि दुसऱ्याच दिवशी, २३ जुलैला, तुम्ही दरवर्षी टिळक जयंती छापता. टिळक कोण, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवणारे मास्तर. इतकं सगळं आयतं जुळून आलेलं असताना आपली पोरं मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावर गोल बिस्किटं घेऊन जातात. २२ जुलै छापा, शाळा आपोआप शिकतील.

सगळ्यात येडचाप दिवस सप्टेंबरात आहे आणि तो मला फार आवडतो. १९ सप्टेंबर, समुद्री चाच्यांसारखं बोलायचा दिवस. १९९५ च्या जून महिन्यात अमेरिकेत ओरेगनमध्ये जॉन बाउर आणि मार्क समर्स हे दोन मित्र रॅकेटबॉल खेळत होते, दोघांचा खेळ यथातथाच, खेळता खेळता एकाला कुठेतरी दुखलं आणि तो 'आर्रर्र' करून ओरडला, सिनेमातले चाचे ओरडतात तसा. मग पुढचा सगळा गेम दोघं तसंच बोलत बसले आणि शेवटी ठरलं की याचा जागतिक दिवस पाहिजे. तो दिवस होता ६ जून. पण ६ जून म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईचा दिवस, त्यावर असला पाचकळपणा नको एवढं भान त्यांना होतं, म्हणून दुसरी तारीख शोधली. कोणती, तर समर्सच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस, कारण ती तारीख त्याच्या डोक्यात पक्की बसलेली होती आणि आता त्या दिवशी त्याला दुसरं काही काम नव्हतं! सात वर्षं हा सण फक्त त्या दोघांचा आणि मित्रमंडळींचा होता. २००२ मध्ये त्यांनी डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाला कळवलं, त्याने त्यावर कॉलम लिहिला आणि मग जगभर लोक एक दिवस 'आर्रर्र' करायला लागले. ते 'आर्रर्र' तरी खऱ्या चाच्यांचं आहे का, तर तेही नाही, रॉबर्ट न्यूटन नावाच्या नटाने १९५० च्या एका सिनेमात आपल्या गावाकडच्या इंग्रजी हेलात चाचा रंगवला, तेव्हापासून सगळे चाचे तसेच बोलतात.

आता हा दिवस आपल्या कॅलेंडरात कशाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, कारण ज्या माणसाला इंग्रज कंपनीने कागदोपत्री पायरेट पायरेट म्हणून बोंब मारली तो माणूस आपला आहे. सरखेल कान्होजी आंग्रे. मराठ्यांच्या आरमाराचा प्रमुख, दस्तकं (समुद्रात फिरायचे परवाने) देणारा, न घेणाऱ्याची जहाजं धरणारा, आणि इंग्रजांच्या लेखी चाचा. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. तेव्हा १९ सप्टेंबरच्या चौकोनात तुम्ही दोन मित्रांचा खेळ पण छापा आणि त्याखाली सरखेल चाचा नव्हते हेही छापा, एका दगडात दोन पक्षी.

तुम्ही म्हणाल असे दिवस तर कंपन्याच काढतात, त्यांची फुकट जाहिरात आम्ही का करू. बरोबर आहे, त्याला माझाही विरोधच आहे, पण त्यातही गंमती आहेत. जपानमध्ये व्हॅलेंटाइनला बायका पुरुषांना चॉकलेट देतात. मग पुरुषांनी परत काय द्यायचं? १९७७ मध्ये फुकुओकाच्या इशिमुरा मानसेइदो या मिठाईवाल्यांनी शक्कल लढवली की बरोब्बर महिन्याने, १४ मार्चला, पुरुषांनी मार्शमेलो द्यावेत, कारण दुकानात मार्शमेलो होते. पुढे बाकीच्या मिठाईवाल्यांनी त्याचा व्हाइट डे केला. इथपर्यंत शुद्ध धंदा. पण मग शेजारी कोरियात ज्यांना फेब्रुवारीतही काही मिळालं नाही आणि मार्चमध्येही नाही असे एकटे जीव १४ एप्रिलला जमायला लागले आणि काळ्या सॉसमधल्या नूडल्स, त्याला जाजांगम्यॉन म्हणतात, त्या खात आपल्या नशिबाला रडायला लागले. ब्लॅक डे! हा दिवस मात्र मी छापेन, कारण विकणाऱ्याने सुरू केलेल्या गोष्टीचं लोकांनी स्वतःला हसण्यात रूपांतर केलं. उलट जपानचाच पॉकी डे, ११ नोव्हेंबर, काड्यांसारखी बिस्किटं म्हणून ११/११, आणि सुरुवात १९९९ ला कारण ते त्यांच्या हेइसेइ सम्राटाचं अकरावं वर्ष, आकडेमोड झकास आहे, पण तो शेवटपर्यंत बिस्किटवाल्याचाच राहिला. तो नको. छापलात तर 'सौजन्य' म्हणून छापा आणि पैसे घ्या.

फ्रेंडशिप डेबद्दल तर बोलायलाच नको, ग्रीटिंग कार्डवाल्यांनी अमेरिकेत रेटून बघितला, तिथे नीट चालला नाही, आणि आपण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मनगटभर बँड बांधून घेतो. युनोने २०११ मध्ये जाहीर केलेला दिवस ३० जुलै आहे, आणि तो पॅराग्वेतल्या मित्रमंडळींच्या १९५८ सालच्या एका जेवणावळीतून निघालाय. मित्रांनी जेवता जेवता काढलेला दिवस सोडून आपण दुकानवाल्यांचा धरला.

गंभीर पण मजेशीर असेही आहेत. १९ नोव्हेंबरचा जागतिक शौचालय दिन सिंगापूरच्या जॅक सिम या उद्योजकाचा. २००१ मध्ये त्यांनी संडासांसाठी जागतिक संघटना काढली आणि इंग्रजी नाव मुद्दाम असं ठेवलं की आद्याक्षरं जागतिक व्यापार संघटनेचीच होतात, डब्ल्यूटीओ, म्हणजे पेपरवाले हसले तरी बातमी देतील. दिली. २०१३ मध्ये युनोनेही तो दिवस मान्य केला. १३ ऑगस्टचा डावखुऱ्यांचा दिवस पण घ्या, १९७६ ला पहिल्यांदा पाळला तेव्हा तेरा तारीख आणि शुक्रवार, पाश्चात्त्यांचा महाअपशकुन, मुद्दाम निवडलेला, कारण डाव्या हाताला अपशकुनी म्हणणाऱ्यांची जिरवायची होती. आपल्याकडे डावा हात पुढे करून प्रसाद घेतला की अजून फटका बसतो, त्या सगळ्यांनी सचिन तेंडुलकर सही कुठल्या हाताने करतो ते बघावं.

आणि २० मार्चचा जागतिक चिमणी दिन तर आपल्या नाशिकचा आहे हो! मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या ऑफिसात गप्पांमधून कल्पना निघाली, २०१० पासून दिवस सुरू झाला आणि आज जगभर पाळतात. तुमच्यातले काही जण चिमणी दिन छापतात, नाशिक कुणी छापत नाही. राग येतो तो इथे येतो.

आता घरचे आहेर. ज्यांच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

सातारा जिल्ह्यात लोणंदजवळ, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका हलगीच्या तालावर वाजतगाजत ओढ्याच्या दोन काठांवर येतात आणि एकमेकींना शिव्या देतात. साध्या नाही, ठेवणीतल्या. पदर खोचून, हातवारे करून, टाळ्या वाजवून, नवरा-सासू-सासऱ्यासकट उद्धार. रंग चढला की एकमेकींना आपल्या काठाला ओढायला पाण्यात उतरतात आणि मध्ये पोलीस असतात ते बिचारे दोन्हीकडून ऐकून घेतात. याला बोरीचा बार म्हणतात. कारण काय सांगतात, तर पाटलाच्या दोन बायका होत्या, एक या गावात एक त्या गावात, ओढ्यावर धुणं धुताना सवतींचं भांडण जुंपलं आणि झटापटीत दोघी पाण्यात पडून गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी हा बार. विचार करा, दोन बायका मेल्या त्यांचं स्मारक म्हणून पुतळा नाही, चौथरा नाही, दरवर्षी त्यांचं भांडण पुढे चालू ठेवलंय! आणि भांडण झालं की आपापल्या घरी, वर्षभर मनात काही नाही. वर्षभर तोंडात धरून ठेवलेलं एका दिवशी ओढ्यात सोडायची सोय जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा. श्रावण शुद्ध षष्ठीच्या चौकोनात तुम्ही कल्की जयंती छापता, छापा, पण शेजारी 'बोरीचा बार' एवढे दोन शब्द बसत नाहीत का?

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावाचं धुळवडीचं प्रकरण पेपरात येतं म्हणून थोडक्यात, जावयाला धरून गाढवावर बसवायचं, गळ्यात चपलांचा हार, गावभर मिरवणूक, आणि शेवटी मारुतीच्या देवळापाशी नवे कपडे. जावई पळून जाऊ नयेत म्हणून गाव आधीपासून पाळत ठेवतं. गावातल्या एका देशमुखांनी जावयाची थट्टा केली तिथून सुरुवात.

आणि हाच जावई गोव्यात गेला तर त्याची काय चैन बघा. २४ जून, सांजांव. डोक्यावर फुलापानांचं कोपेल, गावातून गाणी म्हणत फेरी, आणि विहिरीत उड्या. नव्या जावयाचा तर खास मान, सासुरवाडीला बोलावणं, फेणी, फळं, आणि मग विहीर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पहिल्या पावसाची मस्ती, पण कारण बायबलमधलं आहे: गरोदर मारिया आपल्या नातलग एलिझाबेथला भेटायला गेली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे सेंट जॉन. विहीर म्हणजे गर्भ, आणि उडी म्हणजे ती उडी. नाताळच्या साधारण सहा महिने आधी. हे कारण कळलं की त्या विहिरीकडे बघायची नजरच बदलते, आणि सिंधुदुर्गापर्यंत जाणाऱ्या तुमच्या कॅलेंडरात ही एक ओळ यायला हरकत काय आहे.

जागा नाही म्हणाल. मागच्या पानावर बारा राशींना दर महिन्याला 'आर्थिक व्यवहार जपून करा' हे तेच तेच बारा वेळा सांगता, ते एकदाच सांगा, सगळ्यांनाच लागू आहे, भरपूर जागा निघेल. आणि नियम साधा ठेवा, दिवसाचं कारण, माणूस किंवा गाव, आणि साल किंवा गावात सांगतात ती कथा, यातलं काही सापडलं नाही तर तो दिवस छापायचाच नाही, मग तो नेटवर कितीही फिरत असो. नमुना देतो. '१६ जाने. काहीच नाही दिवस: एका अमेरिकन पत्रकाराला दिवस पाळायचा कंटाळा आला म्हणून, १९७३.' किंवा 'बोरीचा बार: सवतींचं राहिलेलं भांडण.' झालं, एक ओळ. लिहायला माणूस नसेल तर कळवा, मी फुकट लिहून देतो, फक्त प्रूफ मला दाखवा.

कळावे, लोभ असावा,

आपला,
कॅलेंडर पुढून-मागून वाचणारा एक जण

ता. क. प्रूफचं मुद्दाम म्हणालो. स्वीडनने १७०० साली जुन्या कॅलेंडरवरून नव्यावर हळूहळू सरकायचं ठरवलं, त्या वर्षीचा लीप दिवस गाळला, आणि पुढे १७०४ आणि १७०८ ला गाळायचा राहूनच गेला. तारीख ना जुन्याशी जुळे ना नव्याशी. शेवटी कंटाळून जुन्यावरच परत जायचं ठरलं आणि त्यासाठी १७१२ साली फेब्रुवारीत नेहमीच्या लीप दिवसावर आणखी एक दिवस जास्तीचा घालावा लागला. तेव्हा ३० फेब्रुवारी हा दिवस खरंच होऊन गेलाय. हाही छापायचा असेल तर वर्ष तेवढं नक्की टाका, नाहीतर लोक त्या दिवसाचा मुहूर्त विचारतील.